कायदा त्यांचा, काटा त्यांचा, निवाडाही त्यांचाच



एकाधिकाराच्या दिवसांत कापूस घालायला ज्यांनी गाडी जुंपली आहे, त्यांना हे सांगायला नको. पोरांना मात्र सांगितले पाहिजे. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७१ साली कच्च्या कापसाच्या खरेदीचा कायदा केला. १९७२-७३ च्या हंगामापासून खरेदी सुरू झाली आणि पुढची जवळजवळ तीस वर्षे कापूस विकायचा तर सरकारी केंद्रावरच, असा हुकूम राहिला. किनवटच्या माणसाला आदिलाबादचा बाजार जवळ. पण कापसाची गाडी राज्याच्या शिवेपलीकडे गेली, की तो चोरटा माल. आपल्या रानात, आपल्या घामाने पिकलेला कापूस, आणि चोर कोण, तर ज्याने पिकवला तो.

आमचे वडील एका केंद्रावर तीन दिवस गाडी घेऊन उभे होते. आम्ही तेव्हा शाळेत होतो, भाकरी पोचवायला जायचो. चौथ्या दिवशी ग्रेडरने ढिगात हात घातला, मूठभर कापूस चोळला आणि चिठ्ठीवर खालची प्रत लिहिली. वडील म्हणाले, "साहेब, आमच्या बांधाला बांध लागून असलेल्या रानातला कापूस काल वरच्या प्रतीत गेला. बी तेच, वेचणी तीच." ग्रेडर म्हणाला, "मग तक्रार करा." कोणाकडे? केंद्रप्रमुखाकडे. आणि केंद्रप्रमुख कोणाचा? ग्रेडर ज्याचा, त्याचाच. त्याच्यावरचा साहेब? तोही त्याच घरचा. वडिलांनी चिठ्ठी घडी करून खिशात घातली आणि रिकामी गाडी हाकली. चुकाऱ्याचे पैसे हाती आले तेव्हा संक्रांत होऊन गेली होती.

पुढे आम्ही परभणीला कृषी विद्यापीठात शिकलो. धाग्याची लांबी, तलमपणा, कचऱ्याचे प्रमाण यांवरून प्रत कशी ठरते, ते तिथे शिकवले. ज्याने प्रत ठरवली त्याच्याविरुद्ध दाद कोणाकडे मागायची, हा धडा त्या अभ्यासक्रमात नव्हता. तो धडा राज्यशास्त्राच्या पुस्तकात आहे आणि राज्यशास्त्र आपल्यासाठी नाही, असे आपल्याला कोणीतरी पटवून दिले आहे.

खरे तर आपल्याला तो धडा येतो. दोन भावांची वाटणी व्हायची तर जुनी माणसे काय सांगतात? एकाने वाटे करायचे, दुसऱ्याने आधी उचलायचा. वाटे करणाराच आधी उचलू लागला तर वाटे कसे पडतील, हे सांगायला वकील लागत नाही. एकाधिकारात कायदा करणारे सरकार, भाव ठरवणारे सरकार, काटा सरकारच्या हाती, प्रत सरकार लावणार, घेणारे सरकार आणि तक्रार ऐकणारेही सरकारच. एकाच भावाने वाटे केले, उचलले, आणि वर धाकट्याला सांगितले की तुझ्या वाटणीबद्दल काही म्हणणे असेल तर माझ्याकडेच ये.

हीच गोष्ट फ्रान्समधल्या एका माणसाने १७४८ साली मोठा ग्रंथ लिहून जगाला सांगितली. त्याचे नाव माँटेस्क्यू. त्याने म्हटले ते थोडक्यात असे. कायदा करण्याची सत्ता, तो राबवण्याची सत्ता आणि त्यावर निवाडा देण्याची सत्ता या तीन सत्ता एकाच हातात गेल्या, की माणसाचे स्वातंत्र्य संपले. मग तो हात एका राजाचा असो की शेकडो लोकांनी मिळून बनलेल्या सभेचा. शाळेच्या पुस्तकात त्याच्यावर चार ओळी असतात. पण त्या पुस्तकात एक गोष्ट सांगत नाहीत. हा माणूस बोर्दोकडचा, द्राक्षमळ्यांचा मालक. दारू गाळून इंग्लंडला विकणारा. आपल्यासारखा कोरडवाहू नव्हे, चांगला बडा जमीनदार, आणि काही वर्षे न्यायाधीशही होता. न्यायाधीशाचे पद तेव्हा तिकडे विकत मिळे. यालाही ते चुलत्याकडून वारशात आले आणि याने पुढे विकूनही टाकले. तेव्हा त्याला संत करण्याचे कारण नाही. पण १७२५ साली राजाच्या मंत्रिमंडळाने हुकूम काढला, की त्या मुलखात नव्याने द्राक्षवेल लावायची नाही. माँटेस्क्यूने नुकतीच वेल लावण्यासाठी जमीन घेतलेली. त्याने १७२७ साली या हुकमाविरुद्ध लेखी अर्ज केला. आपल्या जमिनीत काय लावायचे हे जमिनीच्या धन्याला जास्त कळते की राजाच्या अधिकाऱ्याला, असा त्या भांडणाचा गाभा. सत्तेच्या वाटणीवर एवढा विचार करणाऱ्या या माणसाच्या बांधावरही सरकारी हुकूम येऊन बसला होता. ज्वारीची लेव्ही ज्यांनी मोजून दिली आहे, त्यांना या अर्जाची भाषा परकी वाटणार नाही.

आपल्या मातीत हा विचार नव्हता, असेही नाही. रामशास्त्री प्रभुण्यांची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली. १७७३ साली नारायणराव पेशव्याचा खून झाला आणि शास्त्रीबुवांनी राघोबादादाला तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितले, असे सांगतात. गुरुजी गोष्ट तिथेच थांबवायचे. पुढे काय झाले? शास्त्रीबुवा पुणे सोडून गेले आणि राघोबादादा पेशवा झाला. न्यायाधीश शूर होता, पण त्याचा निवाडा राज्यकर्त्यावर बजावणारे कोणी नव्हते.

आणि आपला निजाम? तो तर आणखी मजेदार. न्यायखाते कारभारापासून वेगळे करण्याचे फर्मान हैदराबाद संस्थानात १९२१ सालीच निघाले. ब्रिटिश मुलखात त्याची नुसती मागणी चालू होती. कागदावर निजाम माँटेस्क्यूचा चेला. पण फर्मान काढणारा तोच, मोडणारा तोच. सर्फेखास त्याची, पायगा आणि जहागिरी त्याने दिलेल्या, आणि रझाकार गावात शिरले तेव्हा त्या वेगळ्या केलेल्या न्यायखात्याने कोणाचे घर वाचवले, ते जुन्या माणसांना विचारा. तीन खोल्या बांधल्या आणि तिन्हीच्या किल्ल्या एकाच्याच कंबरेला राहिल्या, तर घर एकाचेच.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्लीच्या घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक नवे कलम मांडले. न्यायसंस्था कारभारी सत्तेपासून वेगळी करण्यासाठी राज्याने पावले उचलावीत, आणि तीही घटना लागू झाल्यापासून तीन वर्षांच्या आत. दुसऱ्याच दिवशी तीन वर्षांची मुदत गळाली. कलम राहिले, ते आजचे कलम ५०. मुदत गेली की सरकारी काम कसे चालते, हे तहसीलच्या पायऱ्या झिजवणाऱ्याला सांगायला नको.

पण घाव बसला तो इथे नाही. तो बसला १८ जून १९५१ रोजी. घटना लागू होऊन दीड वर्षही झाले नव्हते, पहिली सार्वत्रिक निवडणूकही व्हायची होती. जमीनदारी मोडण्याचे कायदे वेगवेगळ्या प्रांतांनी केले होते. पाटण्याच्या हायकोर्टाने बिहारचा कायदा रद्द केला. अलाहाबाद आणि नागपूरच्या हायकोर्टांनी आपापल्या प्रांतांतले कायदे उचलून धरले. म्हणजे कोर्टे काही जमीनदारांची बटीक झाली नव्हती. सुप्रीम कोर्टाचा शेवटचा शब्द यायचा होता. तेवढा धीर धरला नाही. हंगामी संसदेने पहिली घटनादुरुस्ती करून कलम ३१-ब घातले आणि घटनेला नववे परिशिष्ट जोडले. या परिशिष्टात ज्या कायद्याचे नाव चढेल, तो मूलभूत हक्कांचा भंग करतो म्हणून कोणत्याही कोर्टाला रद्द ठरवता येणार नाही. आधीच कोणी रद्द ठरवला असेल तर तो निकालही निकामी.

पहिल्या दिवशी त्या परिशिष्टात १३ कायदे होते. भावांनो, त्यातले शेवटचे दोन आपले आहेत. बारावा हैदराबादच्या जहागिरी रद्द करण्याचा १३५८ फसलीचा, आणि तेरावा त्या जहागिरींच्या मोबदल्याचा १३५९ फसलीचा. जहागिरी मोडण्याचा तो कायदा कोणत्याही विधानसभेने केला नव्हता. पोलीस अ‍ॅक्शननंतर मेजर जनरल चौधरी लष्करी गव्हर्नर होते, त्यांच्या राजवटीत १९४९ साली तो निघाला. कायदा करणारा आणि राबवणारा एकच, आणि परिशिष्टात गेल्यावर कोर्टही बाहेर.

आता कोणी म्हणेल, तुम्हाला जहागिरी परत हव्यात काय? अजिबात नकोत. जहागिरी गेल्या ते बरेच झाले. आमच्या आजोबांनी जहागीरदाराच्या कारभाऱ्याला मुजरा केलेला आहे. बरोबर कायदा होता तो. पण बरोबर कायद्याला कोर्टाची भीती कशाला? दोनचार वर्षे उशीर लागला असता, एखादे कलम सुधारून घ्यावे लागले असते. त्या दोनचार वर्षांची घाई म्हणून घातलेले कुलूप आज सत्तर वर्षांहून अधिक काळ लटकते आहे. आमच्या चळवळीतल्या काही डाव्या मित्रांना हे रुचत नाही, ते आम्हाला ठाऊक आहे. त्यांनी त्या परिशिष्टाची यादी एकदा वाचावी, एवढीच विनंती.

कारण रिकामा गोठा दिसला की लोक त्यात काहीही बांधतात. १९६४ साली सतराव्या दुरुस्तीने एका झटक्यात ४४ कायदे आत गेले. त्यात महाराष्ट्राचा १९६१ चा शेतजमीन कमाल धारणेचा कायदा होता. १९७५ साली त्याच्या मर्यादा आणखी खाली आल्या आणि कोरडवाहू जमिनीला ५४ एकर ही हद्द पडली. ऑगस्ट १९७५ मध्ये, आणीबाणीत, त्याच परिशिष्टात 'मिसा' जाऊन बसला. विनाचौकशी तुरुंगात टाकण्याचा कायदा! त्याचा जमीनदारीशी काय संबंध? काही नाही. गोठा शेतकऱ्याच्या नावावर बांधला आणि त्यात दावणीला लांडगा बांधला. जनता पक्षाच्या राज्यात 'मिसा' बाहेर निघाला. पण १९७६ साली चाळिसाव्या दुरुस्तीने जो आत गेला, तो अजून तिथेच आहे. त्याचे नाव जीवनावश्यक वस्तू कायदा, १९५५. आज यादीचे आकडे २८४ पर्यंत गेले आहेत.

जीवनावश्यक वस्तू कायदा कसा चालतो ते पाहा. संसदेने एकदाच कायदा केला आणि त्यात सरकारला सांगितले, की कोणता माल, किती साठवायचा, कुठे न्यायचा, काय भावाने विकायचा, हे तुम्हीच आदेश काढून ठरवा. म्हणजे कायदा करण्याचे काम सचिवालयातल्या टेबलावर गेले. तो आदेश राबवणार कोण? कलेक्टर आणि त्याचा पुरवठा विभाग. माल धरला, तर तो सरकारजमा करायचा की नाही हे पहिल्यांदा कोण ठरवणार? कलम ६-अ प्रमाणे तोच कलेक्टर. अपील पुढे आहे, नाही असे नाही. पण अपिलाची तारीख लागेपर्यंत तुरीला भुंगा लागतो. २ जून २०२३ रोजी केंद्राने तूर आणि उडदावर साठ्याची मर्यादा घातली. लातूरच्या डाळ मिलवाल्याने हात आखडला, तर मोंढ्यात तुरीच्या पोत्याजवळ उभा असलेल्या शेतकऱ्याने कोणत्या आमदाराला विचारावे? आमदाराने तो कायदा केला नाही, खासदारानेही मत दिले नाही. आदेश निघाला, एवढेच. मार्च २०१२ मध्ये कापसाची निर्यात अशीच एका अधिसूचनेने बंद झाली होती. तेव्हा केंद्राच्या कृषिमंत्र्यांनीच जाहीर सांगितले, की मला विचारले नव्हते. कृषिमंत्र्यालाच विचारत नाहीत, तिथे बिलोली-मुखेडच्या पऱ्हाटीवाल्याला कोण विचारतो?

कोर्टाने काय केले, तेही सांगितले पाहिजे. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायाधीशांनी ७ विरुद्ध ६ असा निकाल दिला, की संसद घटना दुरुस्त करू शकते पण तिचा मूळ गाभा मोडू शकत नाही. त्या खटल्यातही मुळात जमिनीचाच कायदा होता, केरळचा. मग वामनराव खटला आला. तो आपल्या महाराष्ट्रातला, कमाल धारणेच्या कायद्यावरचा. १९८० साली कोर्ट म्हणाले, २४ एप्रिल १९७३ च्या आधी जे परिशिष्टात गेले ते गेले, त्यानंतरचे तपासता येईल. कमाल धारणेचा कायदा मात्र टिकला. ११ जानेवारी २००७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ते पक्के केले, की १९७३ नंतर आत टाकलेल्या कायद्यांना गाभ्याच्या कसोटीवर घासून पाहता येईल.

म्हणजे दार किलकिले झाले आहे. जीवनावश्यक वस्तू कायदा १९७६ साली आत गेला, त्याच्यापुरती फट आहे. १९६१ च्या मूळ कमाल धारणा कायद्याला ती फट नाही. आणि गंमत पाहा. शहरातल्या जमिनीवरही कमाल मर्यादेचा कायदा १९७६ साली आला होता. तो महाराष्ट्राने २००७ साली काढून टाकला. मुंबईच्या जमिनीवाल्यांना मोकळीक मिळाली, शेताची दावण तशीच राहिली. गावात आज ५४ एकरवाला हुडकून सापडत नाही, तुकडे पडून पडून दोन-तीन एकरांवर आलो आहोत, तरीही कायदा शाबूत आहे. उद्या दहा जणांनी जमिनी एकत्र करून आपली कंपनी काढायची म्हटली, तर पहिला धोंडा हाच.

आता दिल्लीहून तहसीलला येऊ. फौजदारी कोर्टे १९७३ च्या संहितेने कारभारापासून बरीच वेगळी झाली, न्यायदंडाधिकारी हायकोर्टाखाली गेले. शेतकऱ्याचे भांडण मात्र बहुतेक महसुलाचे. बांधावरून रस्ता हवा, तर कलम १४३ खाली तहसीलदार ठरवणार. फेरफार अडला, तर मंडळ अधिकारी, मग प्रांत, मग कलेक्टर, मग आयुक्त, आणि शेवटी मुंबईला मंत्री. होय, मंत्री! विधानसभेत हात वर करून कायदा करणारा, खात्याचा प्रमुख म्हणून तो राबवणारा, आणि महसूल संहितेखाली दालनात बसून आपल्याच खात्याच्या निर्णयावर निकाल देणारा माणूस एकच. तो निवाडा देताना समोर दोन शेतकरी असतात. त्यातला एक त्याच्या पक्षाचा असला, तर दुसऱ्याने काय समजायचे? मंत्री वाईट असतो असे आमचे म्हणणे नाही. रामशास्त्रीला जरी त्या खुर्चीत बसवले, तरी ती खुर्ची वाकडीच.

धरणे धरायला जाणाऱ्यांना आणखी एक ठाऊक आहे. ज्या तहसीलदाराच्या दारात आपण बसतो, तोच कार्यकारी दंडाधिकारी म्हणून आपल्याला चॅप्टर केसची नोटीस पाठवतो. शांततेचा बाँड लिहून द्या म्हणतो. ज्याच्याविरुद्ध बोंब मारली, त्याच्यासमोरच जामीनदार उभा करायचा.

आम्ही कोर्टाचे भाट नाही. तेही सांगून टाकतो. २०२० च्या तीन शेती कायद्यांवर आपल्यातच दोन मते होती, आजही आहेत. कायदे बरे की वाईट, तो वाद बैठकीत होईलच. पण ते कसे आले आणि गेले, ते पाहा. जून २०२० मध्ये आधी वटहुकूम निघाला, म्हणजे संसदेचे काम मंत्रिमंडळाने केले. २० सप्टेंबरला राज्यसभेत विरोधक मतमोजणी मागत असताना आवाजी मतदानाने विधेयके संमत झाली, म्हणजे संसदेने आपले काम केले नाही. १२ जानेवारी २०२१ रोजी सुप्रीम कोर्टाने कायदे घटनेत बसतात की नाही याचा निकाल न देताच त्यांना स्थगिती दिली आणि वाटाघाटींसाठी समिती नेमली, म्हणजे मंत्रिमंडळाचे काम कोर्टाने केले. मग १९ नोव्हेंबरला पंतप्रधानांनी दूरदर्शनवरून कायदे मागे घेतल्याचे सांगितले आणि २९ नोव्हेंबरला दोन्ही सभागृहांनी एकाच दिवसात, चर्चेशिवाय ते रद्द केले. दीड वर्षात तिघांनीही आपापला नांगर सोडून दुसऱ्याचा धरला. शेत कोणाचे नांगरले गेले? ज्यांना ते कायदे हवे होते त्यांना विचारले नाही, ज्यांना नको होते त्यांनाही आधी विचारले नाही.

कुंपणच शेत खाते, असे आपण म्हणतो. पण कुंपण शेत का खाते? कारण कुंपणावर राखण ठेवायला आपण दुसरा गडी लावला नाही.

जिल्हा बैठकीत दोन ठराव येणार आहेत. पहिला, नववे परिशिष्ट आणि कलम ३१-ब काढून टाकावे. तोवर जीवनावश्यक वस्तू कायद्याविरुद्ध २००७ च्या निकालाच्या आधाराने हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात दाद मागण्याची तयारी करावी. खंडपीठाच्या वकिलांशी बोलणे चालू आहे, वर्गणी लागेल. दुसरा, महसुली अपिले मंत्र्याच्या दालनातून काढून स्वतंत्र न्यायाधीशासमोर न्यावीत. त्यासाठी आपल्याला भाषणे नकोत, कागद हवेत. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या प्रत्येक तालुक्याने येताना आणावे असे कागद म्हणजे अडलेल्या फेरफाराच्या नोटिसा, चॅप्टर केसच्या नोटिसा आणि मंत्र्यांच्या दालनात पडून असलेल्या अपिलांचे क्रमांक. तारीख, कलम आणि सही वाचता येईल अशी झेरॉक्स असावी. मूळ कागद कोणाला देऊ नका.

आणि ज्यांच्या घरी पेटीच्या तळाशी एकाधिकाराच्या काळातल्या ग्रेडच्या चिठ्ठ्या अजून असतील, त्यांनी त्याही आणाव्यात. आमच्या वडिलांची आम्ही आणतो आहोत.